समुद्राचा पन्हा

आमच्या मैंदर्गीत माणूस पिशवी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभा राहिला, की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘काय काम काढलं?’ या प्रश्नात चौकशी असते, तशी काळजीही असते. कारण आमच्याकडे कामाशिवाय कुणी गाव सोडत नाही. लग्न असतं, मयत असते, सोलापूरच्या दवाखान्यात कुणाला ठेवलेलं असतं, नाहीतर अक्कलकोटच्या तहसीलीत दाखला अडकलेला असतो. देवाधर्माचं असेल तर गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, नाहीतर गुलबर्ग्याला बंदेनवाजांचा उरूस. त्यालाही काम म्हणता येतं. पण नुसतं बघायला म्हणून कुणी गाव सोडलं, असं सहसा ऐकायला येत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं सहलीला जावं, ज्याच्याकडे नाही त्यानं टीव्हीवर बघावं, असा अलिखित नियमच आहे.

हा नियम मोडणाऱ्या दोन माणसांची हकिगत मी आज सांगणार आहे. त्यातला एक मी. दुसरा माझा बालमित्र सिद्राम. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नुकते चालायला लागलो होतो. आमच्या आया खडी फोडायला जायच्या आणि आम्ही एकाच बाभळीच्या सावलीला झोपायचो, असं घरचे सांगत. पुढं मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. सिद्राम सातवीनंतर वडिलांच्या मशीनवर बसला. आजही त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यातलं, अगदी कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं. गावाला नगरपरिषद आहे. रस्त्यावर कानडी चालते, कचेरीत मराठी, आणि आमच्या घरात दखनी. तीन भाषा येतात म्हणून आम्हाला कुणी विद्वान म्हणत नाही. त्याशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही.

सिद्रामच्या दुकानात एका कापड कंपनीचं कॅलेंडर होतं. त्याच्या एका पानावर समुद्राकाठचं एक शहर होतं. निळं पाणी, डोंगरउतारावर एकाला एक चिकटलेली रंगीत घरं, आणि सगळ्यावर सांडलेलं ऊन. महिना संपला तरी सिद्रामनं ते पान उलटलं नाही. एकदा मला म्हणाला, “काय बे कवी, हे गाव कुठलं?” मी म्हटलं, “भूमध्य समुद्राकाठचं असणार. तिकडं इटली, स्पेन, ग्रीस असले देश आहेत.” तो म्हणाला, “जायला किती लागतात?” मी विमानाचं, व्हिसाचं, राहण्याचं मोघम सांगितलं. त्यानं मनातल्या मनात त्याच्या विजारी केल्या. शिलाई किती विजारींची होते, असा त्याचा हिशेब असतो. मग म्हणाला, “एवढ्या विजारी घालायला मैंदर्गीत माणसं नाहीत.”

ही गोष्ट तिथंच संपली असती. पण मागच्या काही महिन्यांत त्याच्याबाबतीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. तो सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचा, पण बाजूनं आलेली सायकल त्याला दिसायची नाही. दोनदा दुकानाच्या पायरीवर ठेचकाळला. सोलापुरात डोळे तपासले तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. श्रोतेहो, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत फरक आहे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनं काढता येतो आणि माणसाला पुन्हा दिसतं. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेच्या नसेला इजा होते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. आधी कडेकडेची नजर जाते, समोरची शाबूत राहते. गेलेली परत येत नाही. थेंब नियमानं टाकले तर उरलेली टिकवता येते. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा तो एवढ्यासाठी.

सिद्राम घरी आला आणि चार दिवस काही बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, “मला समुद्र बघायचाय. खरा. मी अजून बघितलेला नाही.”

मीही तोवर समुद्र नीट पाहिला नव्हता. एका कविसंमेलनाला मुंबईला गेलो होतो, तेव्हा रात्री मोटारीतून तो डावीकडं काळा काळा दिसला होता. तेवढीच ओळख. माझ्या कवितेत मात्र समुद्र दोन-तीन ठिकाणी आला आहे. कवीला तेवढी सूट असते.

भूमध्य समुद्र परवडणारा नव्हता. आम्ही पणजी ठरवली. गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते. त्यांनी दक्षिण युरोपातली घरं बांधायची रीत सोबत आणली होती. कॅलेंडरातल्या गावाचा हा जवळचा नातेवाईक, आणि तिथं जायला पासपोर्ट लागत नव्हता. एक पिढी आधी तोही लागला असता, कारण डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा परमुलूख होता.

दिवाळीची शिलाई संपल्यावर सिद्रामच्या हातात पैसे असतात. म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर लगेच निघायचं ठरलं. दोघांनी मिळून सात हजार काढले. एस.टी.त पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर फुकट, महिलांना निम्मं. आम्ही दोघं पन्नाशीतले पुरुष, त्यामुळे कोणत्याच सवलतीत बसत नव्हतो. म्हणून रेल्वेचा साधा डबा. सोबत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि सिद्रामचे थेंब. त्या दिवसांत विधानसभेचा प्रचार जोरात होता, वीस तारखेला मतदान होतं. थांब्यावर आम्हाला दोघांना पिशव्यांसह बघून एकानं विचारलंच, “काय काम काढलं? कुणाच्या प्रचाराला?” सिद्राम म्हणाला, “समुद्र बघायला.” तो माणूस डोळा मिचकावून म्हणाला, “बरं, नका सांगू.”

रविवार, दहा नोव्हेंबर. बाराला कार्तिकी एकादशी होती. सोलापूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी गाडी जाते. डबा वारकऱ्यांनी भरलेला, पाय ठेवायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्या बाबांनी सरकून आम्हाला टेकायला दिलं. पंढरपूर आलं तसा सगळा डबा उतरायला लागला. बाबा म्हणाले, “उतरा की माउली, आलं पंढरपूर.” सिद्रामनं खिडकीतूनच कपाळाला हात लावला आणि सांगितलं, “आम्ही पुढं जायलो. गोव्याला. समुद्र बघायला.” मला वाटलं, बाबा आता रागावणार. एकादशी दोन दिवसांवर आणि हे पंढरपूर ओलांडून चाललेत. बाबा गाठोडं उचलत म्हणाले, “बघा, बघा. आम्ही तरी कशाला आलोय? बघायलाच.” आणि उतरून गेले.

त्या वाक्यावर मी मिरजेपर्यंत विचार करत होतो. दर्शन या शब्दाचा अर्थ बघणं एवढाच आहे. विठोबाकडं मागायला जाणारे थोडे, बघायला जाणारे फार. म्हणजे आमच्या मुलखात नुसत्या बघण्यासाठी माणसं शेकडो वर्षं गाव सोडतच आली आहेत. फक्त त्याला कुणी रिकामपण म्हणालं नाही.

मिरजेहून रात्रीची गाडी. लोंढा, कॅसलरॉक, आणि मग घाट. सगळं अंधारात गेलं. पहाटे मडगावला उतरलो आणि कदंबच्या बसनं पणजीला आलो.

पहिल्या लॉजवर आम्ही दोघांनी आपापली आधार कार्डं टेबलावर ठेवली. मालकानं पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, आणि खोली शिल्लक नाही म्हणाला. आम्ही दारात असताना फळ्यावर किल्ल्या लटकत होत्या. कारण त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सिद्रामनं दोन्ही कार्डं उचलली, पुसल्यासारखी शर्टाला घासली आणि एकाच खिशात ठेवली. पुढं तीन दिवस माझं कार्ड त्याच्याच खिशात होतं.

दुसरा लॉज बसस्टँडमागं मिळाला. दिवसाला नऊशे रुपये. तिथं खोली दाखवणारा पोरगा आमचं बोलणं ऐकून एकदम कानडीत बोलू लागला. इंडी तालुक्यातला निघाला. इंडी म्हणजे आमच्याकडून भीमा ओलांडली की पलीकडं. गोव्यात बांधकामावर, हॉटेलात, बाजारात विजापूर-बागलकोटकडची कितीतरी माणसं आहेत. सिद्रामची कानडी पणजीत माझ्या मराठीइतकीच चालली. त्या पोरानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? “एन केलस?” म्हणजे ‘काय काम?’ सिद्राम म्हणाला, “समुद्र नोडाक बंदेवी.” समुद्र बघायला आलोय. पोरगा आमच्याकडं बघतच राहिला. सहा वर्षं झाली होती त्याला पणजीत. मिरामारच्या वाळूवर दोनदा गेला होता. दोन्ही वेळा मालकाच्या पाहुण्यांचं सामान घेऊन.

समुद्र सिद्रामनं मुद्दाम शेवटच्या दिवसावर ठेवला होता. जेवताना गोड तो शेवटी खातो, तसं. म्हणून आधी गाव बघितलं. मांडवीच्या काठानं निघालो, तर समोर आदिलशहाचा महाल. विजापूरच्या युसूफ आदिलशहानं तो सुमारे १५०० साली बांधला, असं सांगतात. विजापूर आम्हाला परकं नाही. शाळेच्या सहलीत गोलघुमट बघितलेला, त्यात ओरडून आवाज घुमवलेला. आमच्या भागातला सुलतान इथं हवा खायला यायचा, हे ऐकून सिद्राम खूश झाला. “म्हणजे आपल्याकडनं बिनकामाचं येणारे आपण पहिले नाही.” मी सांगितलं, त्या महालाला खंदक होता आणि तोफाही होत्या. तो म्हणाला, “मग ते काय हवा खाणं झालं?” खरंच आहे. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा जिंकला, त्या वेळी मुसलमानांची मोठी कत्तल झाली. पुढं १७५९ पासून याच महालात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहू लागले. जुनं गोवं रोगराईनं ओस पडलं आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. गोवा मुक्त झाल्यावर विधानसभाही इथंच भरायची, ती २००० मध्ये नदीपलीकडं पर्वरीला गेली. एका इमारतीनं इतके धनी बघितले. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली.

महालाजवळच एक पुतळा आहे. झगा घातलेला एक माणूस हात पसरून एका बाईवर झुकलाय आणि ती मागं कलंडली आहे. हा आबे फारिया. १७५६ मध्ये बारदेशात कांदोळीला जन्मलेला गोंयकार पाद्री. संमोहनविद्येच्या अभ्यासात त्याचं नाव मोठं आहे. संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही जादू नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, हे त्यानं सांगितलं. दक्षिण फ्रान्सात त्यानं तत्त्वज्ञान शिकवलं आणि १८१९ मध्ये पॅरिसला तो वारला. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा यानं त्याचं नाव ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मधल्या कैदी पाद्र्याला दिलं. ती कैद आहे मार्सेय शहरासमोरच्या बेटावर. म्हणजे भूमध्य समुद्रातच! मी सिद्रामला म्हटलं, “बघ, कॅलेंडरातल्या समुद्रात आपला एक माणूस आधीच जाऊन बसलाय.”

फारियाची एक आख्यायिका गोव्यात सांगतात. तरुणपणी लिस्बनला पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करायला उभा राहिला आणि त्याची वाचा बसली. तेव्हा त्याचे वडील खालून कोकणीत पुटपुटले, “कातर रे भाजी!” म्हणजे ही सगळी पालेभाजी समज आणि चिरत सुट. पोरगा लागला बोलायला. हे ऐकून सिद्राम भर रस्त्यात हसत सुटला. “कातर म्हणजे आमचंच की! राणीसमोर पण कातरच उपयोगी पडली.”

त्यावरून मी त्याला दुकानातले शब्द मोजायला लावले. इस्त्री पोर्तुगीज. फीत पोर्तुगीज. बटणाचं काज, तेही पोर्तुगीज. अस्तर फारसी, कैची तुर्की. शिवणारा लिंगायत, शिवून घेणारा मुसलमान आणि हिशेब मराठीत. त्याला कळेना, मग आपलं काय? मी म्हटलं, “शिवण.”

पणजीत पैसे न देता बघण्यासारखं पुष्कळ आहे. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत. कामोंईश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांत रंगवले आहेत. १९३५ चं काम. या फरशांना अझुलेजो म्हणतात आणि तो शब्द अरबीतून आलाय. उत्तर आफ्रिकेतले अरब स्पेन-पोर्तुगालात गेले, तिथं त्यांची फरशी आणि शब्द राहिला, आणि तो पोर्तुगिजांच्या जहाजातून मांडवीकाठी उतरला. एका महाकाव्यासाठी भिंत मिळते, हे बघून मला बरं वाटलं. आमच्याकडं भिंत उमेदवारांना मिळते.

मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला आहे. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आज त्याला कृष्णदास शामा यांचं नाव आहे. ते सोळाव्या शतकातले गोव्याचे मराठी कवी. दुपारच्या उन्हात आम्ही तिथं दोन तास बसलो. सिद्रामला डोळे मिटून बसायचं होतं, थेंब टाकल्यावर तसं करायला सांगितलं होतं. मी गोव्यातल्या जुन्या मराठीचा विचार करत होतो. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला ख्रिस्ती धर्मगुरू गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं. तिकडं श्रीगोंद्याला शेख महंमद बाबांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. आमच्या जिल्ह्यात बार्शीचे अमर शेख डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्र गात फिरले. सोलापुरात १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तरी मला अजून विचारतात, तुम्ही मराठीत का लिहिता? घरात दखनी, दारात कानडी, मग मराठीत काय काम काढलं?

या प्रश्नाला मी इतकी वर्षं लांबलचक उत्तरं देत आलो. इतिहास सांगायचो, संतांची नावं घ्यायचो. त्या दुपारी एक साधं उत्तर सुचलं. मी मराठीत काही कामासाठी आलो नाही. आवडली म्हणून आलो आणि राहिलो. बा. भ. बोरकर कोकणीतही लिहीत आणि मराठीतही. दोन्ही घरं त्यांचीच होती. भाषेत येणाऱ्याची आधार कार्डं बघत नाहीत, हे फार बरं आहे.

दुसऱ्या दिवशी फोंताइनास. आल्तिन्याच्या टेकडीखालची ही जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, कौलारू घरं. पिवळी, निळी, तांबडी. पांढरा रंग फक्त चर्चना आणि घरांना दरवर्षी पावसाळ्यानंतर रंग द्यायचा, असा पोर्तुगीज काळात दंडक होता, असं सांगतात. प्रत्येक दार-खिडकीभोवती पांढरा पट्टा. सिद्राम म्हणाला, “गोट लावलीय सगळ्यांना. हात चांगला आहे शिवणाऱ्याचा.” एका जुन्या घराच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं होती. त्यातून ऊन गाळून आत जातं. उघड्या उन्हाचा सिद्रामला त्रास होतो. तो त्या खिडकीखाली बराच वेळ उभा राहिला.

काही घरांवर पाट्या होत्या, फोटो काढू नयेत. पर्यटक दारात, पायरीवर, खिडकीला टेकून फोटो काढतात आणि घरातल्यांना बाहेर येणं मुश्कील होतं. पाट्या वाचून मी जरा संकोचलो. बिनकामाचं बघायलाही काही रीत लागते. उभं राहावं, बघावं, पुढं जावं. सिद्रामनं तर मोबाईल खिशातून काढलाच नाही. म्हणाला, “यात ठेवून काय करू? मला पुढं मोबाईलच दिसला नाही तर?” त्यानं हे इतक्या सहज म्हटलं, की मी काही बोलू शकलो नाही.

तिथल्या सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चर्चमध्ये येशूची क्रूसावरची एक मूर्ती आहे. ती पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होती. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं, हे धर्मन्यायालय गोव्यात चाललं. ख्रिस्ती होऊनही गुपचूप जुना धर्म पाळतोस, अशा संशयावरून माणसं तिथं उभी केली जात. या मूर्तीचं वेगळेपण असं की येशूचे डोळे उघडे आहेत. दारातून बघताना सिद्रामच्या ते आधी ध्यानात आलं. “डोळे उघडे ठेवलेत,” तो हळूच म्हणाला. मी त्याला इतिहास सांगितला. तो म्हणाला, “एवढं सगळं बघायला लागलं त्याला.”

दुपारी जामा मशिदीत मी जोहर पढलो तेव्हा सिद्राम बाहेर चपला आणि पिशवी सांभाळत बसला. संध्याकाळी तो महालक्ष्मीच्या देवळात गेला तेव्हा ते काम माझ्याकडं होतं. त्यात बोलून दाखवण्यासारखं काही नाही. पन्नास वर्षं हेच चाललंय. खायला भाजी-पाव. गोव्यात तो सकाळी कुठंही मिळतो आणि पोट भरतो. सिद्राम शाकाहारी, पण त्यानं मला एकदा मुद्दाम मासळी-भाताच्या खाणावळीत नेलं आणि समोर बसून ताक पीत राहिला. मांडवीत फेरीबोट आहे, पणजी ते बेती. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. आम्ही चार वेळा गेलो-आलो. रात्री नदीत कॅसिनोच्या बोटी दिव्यांनी लखलखत होत्या. सिद्रामनं विचारलं, आत काय असतं? मी म्हटलं, पैसे घालवायची सोय. तो म्हणाला, “ती मैंदर्गीतच आहे की.”

बुधवारी पहाटे मिरामार. निघताना लॉजचा तो पोरगा दारात उभा. “येऊ का मी पण?” म्हणाला. आठला त्याची ड्यूटी होती. तिघं चालत निघालो. दयानंद बांदोडकरांच्या समाधीजवळून वाळूत उतरलो. मांडवी तिथं समुद्राला मिळते. ऊन आमच्या पाठीमागून आलं आणि पाण्यावर पसरलं.

सिद्राम म्हणाला, “एष्ट नीर!” केवढं पाणी! आमच्या गावात पाणी घागरीनं मोजलंय, टँकरच्या खेपेनं मोजलंय. एवढं पाणी एका जागी आणि त्याला राखण नाही, हेच त्याला पटेना. मग तो बघू लागला. त्याच्या कडेची नजर गेलेली. समोरचा तुकडा तेवढा दिसतो. समुद्र तर इकडून तिकडं पसरलेला. त्यानं मान डावीकडं पार वळवली आणि हळूहळू उजवीकडं आणत गेला. थोडं थांबायचा, पुन्हा सरकायचा. कापडाच्या दुकानात ताग्याची रुंदी मोजतात, तिला पन्हा म्हणतात. तो हातभर हातभर समुद्राचा पन्हा मोजत होता. एका टोकाला पोचला की परत. असं कितीदा केलं त्यानं, मी मोजलं नाही.

तो पोरगा आधी लांब उभा होता. मग चपला काढून पाण्यात गेला. विजार गुडघ्यापर्यंत भिजली. परत आला तेव्हा हसत होता. म्हणाला, “सहा वर्षांत आज पहिल्यांदा हात मोकळे होते.”

दुपारी आम्ही मडगावहून परतीची गाडी धरली. येताना अंधारात गेलेला घाट जाताना उजेडात लागला आणि दूधसागर दिसला. सिद्राम खिडकीशी बसला होता, मान वळवत. घरी आलो तेव्हा सात हजारांतले सव्वाशे रुपये उरले होते. त्यात दोन्ही घरांना काजू आले होते.

गावात विचारलंच, काय काम झालं? सिद्राम सांगतो, “झालं.” डॉक्टरांकडं तो पुन्हा गेला, दाब आटोक्यात आहे. थेंब चुकवत नाही. आता त्याला ते थेंब कशासाठी टाकायचे ते ठाऊक आहे. पूर्वी आंधळं होऊ नये म्हणून टाकायचा, आता अजून बघायचंय म्हणून टाकतो. पुढच्या खेपेला हंपी म्हणतो.

श्रोतेहो, गरिबाला पोट असतं हे सगळे मानतात. त्याला आजार असतो, कर्ज असतं, मत असतं, हेही मानतात. त्याला डोळे असतात, हे मात्र विसरलं जातं. तोही विसरतो. बघणं ही सुखवस्तू माणसाची हौस आहे, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर कार्तिकीला पंढरपूरची गाडी रिकामी गेली असती. आपल्या आसपास एखादं तळं असेल, किल्ला असेल, नदीचा संगम असेल. दिवसाच्या एस.टी.च्या अंतरावर काही ना काही असतंच. एखादा मित्र सोबत घ्या, भाकरी बांधून घ्या आणि निघा. थांब्यावर कुणी विचारलं, काय काम काढलं, तर खुशाल सांगा, बघायला चाललोय. पहिल्यांदा लोक विश्वास ठेवणार नाहीत. दुसऱ्यांदा एखादा म्हणेल, थांबा, मीही येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)